हाडाला ओझे कळते

मध्य युरोपात सात हजार वर्षांपूर्वी शेती करणाऱ्या बायकांच्या दंडाची हाडे आजच्या पट्टीच्या वल्हेकरी मुलींच्या हाडांपेक्षा मजबूत होती. हा अंदाज नाही, मोजून काढलेला निष्कर्ष आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या ॲलिसन मॅकिंटॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2017 साली प्रसिद्ध केला. एका बाजूला जुन्या दफनांतून मिळालेली हाडे होती आणि दुसऱ्या बाजूला केंब्रिजच्याच बोट क्लबातल्या मुली. या मुली आठवड्याला वीसएक तास सराव करत, शंभरावर किलोमीटर नाव वल्हवत. तरीही नवाश्मयुगातल्या त्या अनाम बायकांच्या दंडाचे हाड, शरीराचा आकार जमेस धरून, 11 ते 16 टक्क्यांनी सरस निघाले. खेळाशी संबंध नसलेल्या विद्यार्थिनींशी ताडून पाहिल्यावर तर हा फरक 30 टक्क्यांच्या घरात गेला.

एवढे बळ आले कुठून? शेतीच्या कामातून आणि मुख्यतः दळणातून, असे संशोधकांचे म्हणणे आहे. त्या काळी धान्य भरडायला खाली एक लांबट दगड असे आणि त्यावर दुसरा दगड दोन्ही हातांनी पुढे-मागे रेटावा लागे. ज्यांनी पाट्यावर वरवंटा चालवला आहे त्यांना ही हालचाल समजावून सांगायला नको. खांद्यापासून मनगटापर्यंतचे सगळे बळ त्या एका रेट्यात उतरते. असे दगड जिथे अलीकडेपर्यंत वापरात होते, तिथे बायकांचे दिवसाचे पाच-पाच तास यात जात.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तोवर प्राचीन बायकांची हाडे पुरुषांच्या हाडांशी ताडून पाहण्याचीच रीत होती. पुरुषांच्या हाडांवर श्रमाची खूण ठळक उमटते, बायकांच्या हाडांवर तेवढी नाही. म्हणून बायकांचे काम हलके असावे, असा समज झाला होता. बायकांची हाडे पहिल्यांदा जिवंत बायकांच्या हाडांशेजारी ठेवली, तेव्हा हजारो वर्षांचे श्रम एकदम दिसू लागले.

आपल्याकडे जाते थांबून फार दिवस झालेले नाहीत. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचे दळण सुटले. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, म्हणून बायकांच्या मनातले सुखदुःख तरी टिकले. ओवी म्हणत खुंटा फिरवणाऱ्या त्या दंडांच्या आत काय चालले होते, ते आता कुठे नीट समजू लागले आहे.

हाड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला पांढरा, कोरडा सापळा येतो. जिवंत हाड तसे नसते. ते ओले असते, त्यातून रक्त वाहते आणि त्याची मोडतोड व बांधणी सतत चालू असते. मोठ्या माणसाच्या सापळ्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने घडतो. ही घडण कुठल्या नकाशावरून होते, त्याचा पहिला सुगावा एका अभियंत्याला लागला. 1866 साली झुरिचमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हर्मान फॉन मायर यांच्याकडचा मांडीच्या हाडाचा उभा छेद कार्ल कुलमान यांच्या पाहण्यात आला. कुलमान पूल आणि क्रेन यांचे गणित करणारे. बाकदार क्रेनवर वजन टांगले की ताण आणि दाब तिच्या अंगातून कोणत्या रेषांनी जातात, हे त्यांना पाठ होते. खुब्याच्या हाडातल्या बारीक जाळीच्या तुळया जवळजवळ त्याच रेषांवर उभ्या होत्या. ज्या दिशेने ओझे येते त्या दिशेने हाडाने स्वतःला रचले होते. पुढे 1892 साली बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी यावर अख्खा ग्रंथ लिहिला: ओझे बदलले की हाडाची आतली रचनाही बदलते. त्यांच्या गणितातल्या त्रुटी नंतर दाखवल्या गेल्या, पण मूळ गोष्ट टिकली.

आता प्रश्न असा की ओझे आले, हे हाडाला कळते कसे?

हाडाच्या टणक भागात ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी बंदिस्त असतात. प्रत्येक पेशी आपल्या छोट्याशा खोबणीत राहते आणि तिथून निघालेले केसाहून बारीक धागे शेजारच्या पेशींना जाऊन भिडतात. एका माणसाच्या सापळ्यात अशा सुमारे 4,200 कोटी पेशी असतात आणि त्यांचे सगळे धागे एकापुढे एक मांडले तर लांबी पावणेदोन लाख किलोमीटर भरेल, असा हिशेब 2015 साली मांडला गेला. पृथ्वीला चार फेऱ्या घालूनही तो धागा उरेल. हे सगळे आपल्या अंगात आहे, आत्ता, हे वाचताना.

हे धागे ज्या नळ्यांतून जातात त्यांत द्रव भरलेला असतो. आपण उडी मारतो किंवा वजन उचलतो तेव्हा हाड किंचित वाकते. अगदी जोरदार उडीतही हा बदल हजारात दोन-तीन भागांपलीकडे जात नाही. पण ओला स्पंज दाबल्यावर पाणी इकडचे तिकडे व्हावे, तसा तेवढ्यानेही तो द्रव नळ्यांतून सरकतो आणि पेशींना त्याचा स्पर्श कळतो. एरवी या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन सोडत असतात. त्याचे काम नवे हाड बांधणाऱ्या पेशींना आवरून धरायचे. ओझे जाणवले की त्या भागातले स्क्लेरोस्टिन कमी होते, हे उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसले. लगाम सैल होतो आणि बांधकाम सुरू होते, तेही जिथे गरज आहे नेमके तिथेच. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानेर समाजातल्या काही कुटुंबांत जन्मतःच स्क्लेरोस्टिन तयार होत नाही. त्यांची हाडे विलक्षण जाड होतात, इतकी की कवटीतल्या नसा चेपल्या जातात. हेच प्रथिन अडवणारे रोमोसोझुमॅब हे औषध हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांसाठी अमेरिकेत 2019 साली मंजूर झाले. प्रयोगशाळांना जे साधायला इतकी वर्षे लागली, त्यातले काही आपले हाड ओझ्याखाली आपणहून करत आले आहे.

हाडाला काय कळते आणि काय कळत नाही, याचा एक प्रयोग मला विसरता येत नाही. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनयन यांनी 1984 साली पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर यंत्राने मोजून भार दिला. दिवसातून केवळ 4 वेळा भार दिला तरी हाड झिजणे थांबले. 36 वेळा दिला तर हाड वाढले. आणि 1,800 वेळा दिला तेव्हा? 36 पेक्षा अधिक काही मिळाले नाही. पेशींना थोड्याच वेळात त्या भाराची सवय होते आणि मग काही तास विश्रांती मिळेपर्यंत त्या दाद देत नाहीत. म्हणजे हाडाला हवा असतो तो जोरकस, नेहमीपेक्षा वेगळा भार, थोडा वेळ, आणि मग उसंत.

भार काढून घेतला तर काय होते, हे अंतराळात दिसते. वजनरहित अवस्थेत खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का खनिज गमावू शकते. पृथ्वीवर म्हातारपणी जेवढी झीज व्हायला वर्ष लागते, तेवढी तिथे महिन्यात. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोकळीच्या जोरावर शेकडो किलोंचा विरोध देणारे एक यंत्र बसवले आहे आणि अंतराळवीर दिवसाचे जवळजवळ दोन तास व्यायामाला देतात. जून 2024 मध्ये गेलेल्या सुनीता विल्यम्स 286 दिवस तिथे अडकून राहिल्या, तेव्हा त्यांच्या दिनक्रमात स्क्वॉट आणि डेडलिफ्ट होते ते यासाठीच.

जमिनीवरच्या बाईच्या आयुष्यातही असा एक काळ येतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाड पोखरणाऱ्या पेशींना वेळेवर मरायला लावते. भारतात पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. इस्ट्रोजेन ओसरले की पोखरणाऱ्या पेशी जास्त दिवस जगतात, जास्त खणतात आणि बांधणाऱ्या मागे पडतात. आतल्या तुळया बारीक होतात, काही तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. उंची थोडी घटते, पाठीला पोक येते, ब्लाउज पाठीमागे उचलला जातो, आणि घरातले म्हणतात, वय झाले.

वय झाले म्हणून सोडून द्यावे असे हे नाही, हे ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाच्या बेलिंडा बेक यांच्या गटाने दाखवले. पाळी थांबलेल्या, अठ्ठावन्न वर्षांवरच्या आणि हाडे आधीच विरळ झालेल्या 101 स्त्रिया त्यांनी निवडल्या. अशा बाईला डॉक्टर एरवी काय सांगतात? जड उचलू नका, वाकू नका, चाला. बेक यांनी निम्म्या जणींना नेमके उलटे करायला लावले. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञाच्या नजरेखाली. पहिला महिना हलक्या वजनावर फक्त उचलण्याची ढब शिकायची. पाठ सरळ, वाकायचे ते कमरेतून, वजनाचा दांडा नडगीला घासत वर यायचा. ढब बसल्यावर वजन वाढवत न्यायचे: जमिनीवरून उचलणे, डोक्यावर ढकलणे, खांद्यावर घेऊन बैठक, आणि दांड्याला लटकून खाली दोन्ही पायांवर दणका देत उतरणे. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या 85 टक्क्यांहून जास्त, पाच वेळा, आणि असे पाच फेरे. आठ महिन्यांनी कमरेच्या मणक्यांची घनता या गटात सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात ती 1.2 टक्क्यांनी घटली होती. संपूर्ण प्रयोगात दुखापत म्हणावी अशी एकच, पाठीत किरकोळ लचक. आणि वजन उचलणाऱ्या जणी थोड्या उंचही मोजल्या गेल्या, कारण पाठ सरळ झाली होती.

साठीतल्या, ठिसूळ हाडांच्या बायका बारबेल उचलत होत्या आणि हाड त्यांना प्रतिसाद देत होते. मला याहून आशेची बातमी शरीरशास्त्रात फारशी माहीत नाही.

इथे घराघरांतून एक उत्तर हमखास येते: आम्ही दिवसभर राबतोच की, वेगळा व्यायाम कशाला? या प्रश्नाला मान देऊन उत्तर द्यायला हवे, कारण राबणे खरे आहे. केर-फरशी, धुणे-भांडी, जिन्यांची चढ-उतर यांत उष्मांक खर्च होतात, हृदयालाही काम मिळते. पण हाडाच्या आणि स्नायूच्या हिशेबात तो त्या 1,800 वेळांचा भार आहे. तोच तो, हलका, रोजचा. अंगाला त्याची सवय पंधरा वर्षांपूर्वीच झालेली असते. मग दळणाऱ्या बायकांची हाडे कशी घडली? दळणाचा रेटा हलका नव्हता आणि ते काम वाढत्या वयात, अंग कोवळे असतानाच गळ्यात पडत असे. मिक्सरचे बटण दाबायला तेवढे बळ लागत नाही. जात्याच्या दिवसांत परत जावे असे मी मुळीच म्हणत नाही. त्या कष्टातून सुटका झाली हे फार चांगले झाले. पण त्या कष्टाबरोबर हाडांना मिळणारा निरोपही बंद झाला आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने भरली गेली नाही.

आणि ज्यांच्या वाट्याला आजही जड ओझे आहे, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही. बीडहून ऊसतोडीला जाणारी बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत चढवते. तिच्या कामाला कुणी व्यायाम म्हणू नये. व्यायामात ओझे असते, ओझ्यानंतर विश्रांती असते, पोटभर सकस जेवण असते आणि आज नको म्हणायची मुभा असते. हाड आणि स्नायू बांधले जातात ते विश्रांतीच्या वेळात. तिथे विश्रांतीच नसते. 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऐंशी हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांवर जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर इस्ट्रोजेन एका झटक्यात आटते. तिशीतल्या बाईच्या हाडांची झीज तिथूनच सुरू होते, आणि डोक्यावर मोळी असतेच.

आता स्नायूकडे येऊ. आयुष्यात पहिल्यांदा वजन उचलायला लागलेल्या बाईची ताकद पहिल्या तीन-चार आठवड्यांतच झपाट्याने वाढते, पण दंडाचा घेर टेपने मोजला तर तसूभरही फरक नसतो. कारण आधी मज्जासंस्था शिकते. स्नायूचे तंतू गटागटाने एकेका चेतापेशीच्या ताब्यात असतात. लहान गट रोजच्या हालचालींसाठी आणि मोठे, जलद, जोरकस गट अडीनडीसाठी. चालताना, कणीक मळताना मेंदू या मोठ्या गटांना उठवतच नाही. ते उठतात फक्त जड वजनाला किंवा झपाट्याच्या हालचालीला. वयाबरोबर आधी रोडावतात तेही हेच. ओल्या फरशीवर पाय घसरतो तेव्हा क्षणार्धात दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरायचे काम यांचेच असते. म्हणजे रोज सकाळी तासभर फिरून येणाऱ्या आजींचे हे तंतू वर्षानुवर्षे झोपलेले असू शकतात. फिरणे चांगलेच आहे, पण ते इथवर पोचत नाही.

झोपलेले तंतू किती उशिरापर्यंत जागे होतात? बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने यांनी दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा जड व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय नव्वद होते. 1990 साली निष्कर्ष छापून आले तेव्हा वैद्यकीय जग चकित झाले: मांडीची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. मांडीतला स्नायूही 9 टक्क्यांनी भरला होता. नव्वदीत!

स्नायूचे आणखी एक काम आपल्या लोकांसाठी जिव्हाळ्याचे आहे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा साठा स्नायूंत होतो. एरवी ती आत घ्यायला इन्सुलिनची किल्ली लागते. पण स्नायू आकुंचन पावत असला की इन्सुलिनशिवायही त्याची दारे उघडतात. ग्लुट-4 नावाचे वाहक पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि साखर ओढून घेतात. मधुमेहात ज्यांची किल्ली गंजली आहे, त्यांच्यासाठी हा दुसरा दरवाजा उघडाच असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून आसपासच्या खेड्यांतल्या माता आणि बाळांचा पाठपुरावा केला. त्यांना दिसले की आपली बाळे जन्मतः वजनाने लहान असतात, पण तुटवडा पडतो तो मुख्यतः स्नायूंत. चरबी मात्र बरीचशी राखलेली असते. 2004 साली त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. बाहेरून सडपातळ, आतून स्नायू कमी. आपल्याकडची शेलाटी मुलगी, जिला सगळे ‘तुला कशाला हवा व्यायाम’ म्हणतात, तिला स्नायूंची गरज कदाचित सर्वांत जास्त आहे. वजनकाटा तिला हे कधीच सांगणार नाही.

अंग पुरुषी होईल, ही भीती मनातून काढून टाकावी. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन बायकांच्या पंधरा-वीसपट असते. बायकांची ताकद मूळच्या प्रमाणात पुरुषांइतकीच वाढते, आकार मात्र तेवढा फुगत नाही. मणिपूरची वेटलिफ्टर मीराबाई चानू 2021 साली 49 किलो वजनगटात होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये 119 किलो डोक्यावर तोलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट. लहानपणी ती डोंगरातून सरपणाच्या मोळ्या आणत असे.

बायकांच्या स्नायूंचा एक गुण तर पुरुषांहून वरचढ आहे. ज्याच्या-त्याच्या ताकदीच्या ठरावीक हिश्शाएवढा जोर धरून ठेवायला सांगितला, तर बायकांचे स्नायू सहसा उशिरा थकतात. आणि 2024 साली अमेरिकेतल्या चार लाखांवर लोकांच्या नोंदींतून दिसले की नियमित ताकदीचा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत त्या काळातल्या मृत्यूचे प्रमाण, तो न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा, 19 टक्क्यांनी कमी होते. पुरुषांत हाच फरक 11 टक्के होता. अशा नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. व्यायाम करणाऱ्या जणी मुळात सुदृढ असू शकतात. पण नव्वदीतल्या मांड्या आणि साठीतले मणके ध्यानात घेतले, तर दिशा स्पष्ट आहे.

करायचे काय, ते थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. पाच हालचाली पुरेशा आहेत: बैठक, कमरेतून वाकून उचलणे, ढकलणे, ओढणे आणि हातात वजन घेऊन चालणे. सुरुवात पाण्याने भरलेल्या पाच लिटरच्या कॅनने झाली तरी चालेल. तो पाच किलोचा असतो. वजन इतके हवे की आठ-दहा वेळा उचलल्यावर शेवटच्या दोन वेळा खरोखर जड जाव्यात. ते सोपे वाटू लागले की वाढवायचे. सारी गोम या वाढवण्यात आहे. सूर्यनमस्कारांनी खांदे, दंड, पाठ तयार होतात, लवचीकता येते, मला ते फार प्रिय आहेत. पण त्यात उचलायचे ओझे स्वतःच्या अंगाएवढेच राहते, काही महिन्यांनी हाडाला त्यात नवे काही उरत नाही. घरगुती गॅसचे भरलेले सिलिंडर साधारण तीस किलोंचे असते. वर्षभराच्या सरावानंतर ते जमिनीवरून नीट ढबीने उचलता येणे, हे बहुतेक निरोगी बायकांच्या आवाक्यातले ध्येय आहे. मणक्याचे हाड आधी मोडले असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, नुकते बाळंतपण झाले असेल, तर डॉक्टरांना विचारून आणि शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेखालीच सुरू करावे. ऑस्ट्रेलियातला प्रयोग यशस्वी झाला त्यात त्या नजरेचा मोठा वाटा होता. आणि ताटात डाळ, उसळ, दही, शेंगदाणे, खात असाल तर अंडी-मासे वाढवा. सगळ्यांना वाढून शेवटी उरेल ते खाणाऱ्या बाईच्या अंगात स्नायू बांधायला माल येणार कुठून?

एक धागा राहिला, आणि मला तो सर्वांत निकडीचा वाटतो. फिनलंडमध्ये पेक्का कान्नुस यांनी टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांचे दोन्ही हात मोजले. रॅकेटचा हात आणि मोकळा हात एकाच शरीराचे, तोच आहार, तीच संप्रेरके, त्यामुळे फरक पडेल तो केवळ खेळाचा. रॅकेटच्या हातातले हाड सगळ्यांचेच भरीव निघाले. पण ज्यांनी पहिली पाळी येण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली होती, त्यांना हा लाभ उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा दोन ते चारपट मिळाला होता. कॅनडातल्या मुलामुलींच्या दीर्घ पाहणीत दिसले की उंची झपाट्याने वाढण्याच्या सुमाराच्या अवघ्या दोन वर्षांत प्रौढ सापळ्यातल्या खनिजाचा जवळजवळ चौथा हिस्सा भरला जातो. मुलींमध्ये ही दोन वर्षे बारा-तेराव्या वर्षाच्या आसपास येतात, म्हणजे सहावी-सातवी-आठवी. आपल्याकडे नेमक्या त्याच वर्षांत मुलगी मैदानावरून घरात येते. पाळी आली, आता उड्या पुरे. क्लास लागला, पीटीचा तास गणिताला गेला.

अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सहा ते दहा वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून तीनदा, दोन फूट उंचीच्या खोक्यावरून शंभर उड्या मारायला लावल्या. सात महिन्यांत त्यांच्या खुब्याच्या हाडातले खनिज, उड्या न मारणाऱ्या मुलांच्या तुलनेत, साडेचार टक्क्यांनी जास्त भरले. त्या उड्यांना दर खेपेला दहा मिनिटे लागत. शाळेत दोरी, लंगडी, खो-खो आणि ओटा असतोच. मुलीला त्या दहा मिनिटांसाठी बाहेर सोडायचे की नाही, एवढेच घरात आणि शाळेत ठरायचे आहे.